व्हाइटहेड वाचताय? या चुका टाळा

‘सगळं बदलतं, काहीच स्थिर नाही’ एवढं एक वाक्य घेऊन पुष्कळ जण प्रक्रिया तत्त्वज्ञानात (जग मुळात वस्तूंचं नाही, घडण्याचं आहे असं मानणाऱ्या विचारात) शिरतात आणि तेवढंच घेऊन बाहेर पडतात. या तत्त्वज्ञानाचे प्रमुख प्रवर्तक आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड (१८६१–१९४७) मुळात गणिती. बर्ट्रांड रसेलबरोबर ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’चे तीन खंड लिहिले आणि पुढे १९२४ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकवायला गेले. या माणसाचे शब्द सैलपणे वापरले की अर्थ लगेच निसटतो. शब्द हाती लागला म्हणजे वस्तूच हाती लागली, असं समजू नका, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. त्यांचे वाचक नेमकं तेच त्यांच्याच शब्दांबाबत करतात.

सुरुवातच ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’पासून

ही चूक सगळ्यात जास्त जणांना घरी पाठवते. व्हाइटहेडचं हे मुख्य पुस्तक एडिंबरो विद्यापीठातल्या १९२७–२८ सालच्या गिफर्ड व्याख्यानमालेतून तयार झालं. व्हाइटहेडचं नाव मोठं होतं, तरी पहिल्या व्याख्यानानंतर श्रोते झपाट्याने गळाले आणि मूठभरच उरले. ते श्रोते काही अडाणी नव्हते. एखादी नवी परिभाषा तिच्यामागचा प्रश्न न कळता कानावर आदळली की असंच होतं. पुस्तक उघडणाऱ्याची गत वेगळी होत नाही. दुसऱ्याच प्रकरणात अंतिम तत्त्वामागोमाग अस्तित्वाची ८, स्पष्टीकरणाची २७ आणि बंधनांची ९ पदं (कॅटेगरी, म्हणजे विचाराचे मूलभूत वर्ग) ओळीने येतात. उत्साही वाचक ती वहीत उतरवून पाठ करतो आणि तिसऱ्या आठवड्यात पुस्तक मिटतो.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी ‘सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड’ची (१९२५) तिसरं ते पाचवं ही प्रकरणं. मग ‘सिम्बॉलिझम’ (१९२७), ते लहानसं आहे, पूर्ण वाचा. मग ‘मोड्स ऑफ थॉट’मधली (१९३८) निसर्गावरची दोन व्याख्यानं. त्यानंतर मोठं पुस्तक, तेही पहिलं प्रकरण वाचून थेट दुसऱ्या भागात उडी मारायची. पदांची यादी नंतर, गरज पडेल तशी कोशासारखी उघडायची. विस्ताराच्या सिद्धांतावरचा चौथा भाग पहिल्या वाचनात सोडला तरी चालतो.

आणि प्रत तपासा. १९२९ च्या मूळ आवृत्त्यांमध्ये शेकडो चुका राहिल्या होत्या. ग्रिफिन आणि शेरबर्न यांनी दुरुस्त केलेली १९७८ ची आवृत्तीच घ्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओवरून हे तत्त्वज्ञान ‘समजून घेणाऱ्यांना’ एकच सांगणं आहे: त्यात उत्तरं मिळतात, प्रश्न मिळत नाहीत, आणि इथे प्रश्नाशिवाय उत्तराला काही अर्थच उरत नाही.

घटनेलाच छोटी वस्तू समजणं

‘जग वस्तूंचं नाही, घटनांचं बनलंय’ असं म्हणायचं आणि डोळ्यांपुढे मात्र सतत बदलणारा एक सूक्ष्म गोळा आणायचा! व्हाइटहेडचं मूळ घटित (‘अ‍ॅक्च्युअल ऑकेजन’, जग ज्यांचं बनलंय ती एकेक घटना) बदलत नाही. ते घडतं, पूर्ण होतं आणि संपतं; संपल्यावर पुढच्या घटितांसाठी सामग्री म्हणून उरतं. बदल म्हणजे एका मालिकेतल्या दोन घटितांमधला फरक. वाक्य लिहून झालं की कर्ता तपासा. ‘घटित बदललं’ असं लिहिलं असेल, तर ते खोडून ‘या घटितानंतरचं घटित अमुक बाबतीत वेगळं आहे’ असं लिहा. वाक्य लांबतं, लांबू द्या.

संवेदन म्हणजे फक्त समोर दिसणारं, असं धरणं

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. व्हाइटहेडच्या मते आपल्या संवेदनाला दोन पदर असतात. एकात रंग, आकार, ध्वनी आत्ता, समोर, स्पष्ट मांडलेले असतात. दुसऱ्यात नुकताच गेलेला क्षण आणि भोवतालचं जग आपल्यावर परिणाम करत असल्याची जाणीव असते. ती अस्पष्ट असते, पण भार तिचाच असतो. अंधारात पहिला पदर विरतो आणि दुसरा किती दांडगा आहे ते कळतं.

चूक अशी होते: वाचक दुसऱ्या पदराला ‘अनुमान’ म्हणून मोकळा होतो. म्हणजे आधी रंग दिसले, मग बुद्धीने कारण शोधलं. हा अनुभववादी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा मार्ग झाला, आणि व्हाइटहेडचा वाद नेमका त्याच्याशीच आहे. त्यांचं उदाहरण साधं आहे. अंधारात अचानक दिवा लागतो, माणसाचे डोळे मिटतात. विचारलं तर तो म्हणेल, ‘उजेडाने माझे डोळे मिटवले.’ ह्यूमच्या बाजूचा वाचक म्हणेल, उजेड आणि डोळे मिटणं या दोन गोष्टी एकामागून एक आल्या, ‘मिटवलं’ हे सवयीने जोडलं. पण ‘मिटवलं’ हे त्या माणसाने अनुभवलेलंच असतं, आणि त्या अनुभवावरूनच तो बोलतो.

मग भ्रम कुठून येतो? पाण्यातल्या प्रतिबिंबावर झडप घालून तोंडातला तुकडा गमावणाऱ्या कुत्र्याची गोष्ट व्हाइटहेड इथे आणतात. समोर दिसलेली आकृती खोटी नव्हती, ती दिसलीच होती. चूक झाली ती दोन पदर जोडताना, दिसलेल्याला खाण्याजोग्या मांसाचं चिन्ह मानताना. ‘इंद्रियं फसवतात’ हे वाक्य म्हणूनच या तत्त्वज्ञानात बसत नाही.

उपाय: रोजचा एक अनुभव घ्या आणि कागदाचे तीन रकाने करा. काय दिसलं, कशाने ढकललं, दोन्ही कुठे जोडलं. मधला रकाना ‘मला वाटतं की’ने सुरू होत असेल, तर पुन्हा लिहा.

निसर्गाची फाळणी म्हणजे विज्ञानाला विरोध

नाही. ‘द कॉन्सेप्ट ऑफ नेचर’मध्ये (१९२०) आक्षेप आहे तो निसर्गाचे दोन तुकडे करण्यावर: एक रेणू-लहरींचा ‘खरा’, दुसरा रंग-गंधांचा, म्हणे मनाने रचलेला. मावळतीची लाली निसर्गात तितकीच आहे जितक्या त्या विद्युतलहरी. लहरी खोट्या आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही. अमूर्तीकरणही गुन्हा नाही, त्याशिवाय गणित कसं होणार? अमूर्ताला मूर्त समजणं हा दोष.

शिक्षणाच्या तीन अवस्थांचं वेळापत्रक करणं

माझ्या सगळ्यात जास्त चिडीचा विषय हा. ‘शिक्षणाची लय’ या निबंधात (१९२२) कुतूहल, काटेकोरपणा आणि व्यापकता अशा तीन अवस्था आहेत. तेरा-चौदापर्यंत, मग अठरापर्यंत, मग बावीसपर्यंत अशी ढोबळ वयंही आहेत. लोक वयं उचलतात आणि त्याच निबंधातलं दुसरं विसरतात: ही चक्रं एकात एक असतात, प्रत्येक धड्यातही फिरतात, आणि फरक फक्त भर कशावर आहे याचा असतो.

लंबकाच्या पाठाचं नेहमीचं बिघडलेलं नियोजन पाहा. पहिला दिवस ‘कुतूहलाचा’, मुलं झोके देतात, हसतात. दुसऱ्या दिवसापासून सूत्र. शेवटी एक तक्ता. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलेलं असतं, ‘जड गोळा लावला तर लवकर येईल का?’ तो प्रश्न फळ्यावरून पुसला जातो आणि सूत्र मृत कल्पना म्हणून डोक्यात पडून राहतं.

त्याऐवजी प्रश्न पुसू नका. १ मीटर दोरी, १० आंदोलनं (जाऊन परत येणं म्हणजे एक) मोजा: सुमारे २० सेकंद. गोळा बदला: तेवढेच. दोरी २५ सेंटिमीटर करा: सुमारे १० सेकंद. दोरी चौथाई, वेळ मात्र निम्मी, असं का? आता वर्गमूळ मागून घेतलं जातं, लादावं लागत नाही. झोका लहान ठेवा आणि एकच आंदोलन मोजू नका, हाताच्या चुकीने सगळं बिघडतं. ही शिस्त म्हणजेच काटेकोरपणा, आणि ती कुतूहलाच्या पोटातूनच येते. फक्त खेळ ठेवून सूत्र टाळणारेही व्हाइटहेडचं नाव घेतात. ते तितकंच चूक. काटेकोरपणा वगळायला त्यांनी कुठेही परवानगी दिलेली नाही.

थोडक्यात आणखी काही

दगड विचार करतो असं व्हाइटहेड म्हणत नाहीत. दगड हा घटितांचा समूह, त्याला स्वतःचा असा एक अनुभव नाही.

बौद्ध क्षणिकवादाशी साम्य शोधा, पण व्हाइटहेडची शाश्वत रूपं (घटितांत उतरू शकणारे रंग-आकारासारखे कालातीत गुण) आणि ईश्वर बाजूला सारून समीकरण मांडू नका.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँशी एकमत गृहीत धरू नका: बुद्धी जगाला गोठवते हे मान्य, पण तिला ते करावंच लागतं हे व्हाइटहेडना मान्य नाही.

‘प्रिहेन्शन’ला, म्हणजे एका घटिताने आधीच्या घटितांना आपल्यात सामावून घेण्याला, ‘आकलन’ म्हणू नका. आकलनात जाणीव गृहीत असते, प्रिहेन्शनला तिची गरज नाही. मी ‘पकड’ म्हणतो आणि पहिल्यांदा वापरताना नेमका अर्थ शेजारी लिहितो.