कोळंबीचा चेतारज्जू आणि रोहूचा मेरुरज्जू: घरच्या टेबलावर कसे पाहावेत

कोळंबी साफ करताना पाठीतून जो काळा दोरा ओढून काढतात, त्याला बरेच विद्यार्थी चेतारज्जू, म्हणजे शरीरभर संदेश नेणारी दोरी, समजतात. ते आतडे. खरा चेतारज्जू पांढरा असतो आणि पोटाच्या बाजूला, मांसाच्या खाली दडलेला असतो. माशात त्याला मेरुरज्जू म्हणतात आणि तो पाठीकडे, मणक्यांच्या कमानीत असतो. हा फरक चित्रात पाहून लक्षात राहत नाही, हाताने उघडला की राहतो.

नाशिकला समुद्र नाही, कोळंबी बर्फात घालून येते. डोक्यासकट, टणक, 12 ते 15 सेंमीची निवडा. गोठवलेली नकोच, बर्फाचे स्फटिक ऊती फाडतात आणि चिमटा लागताच रज्जू तुटतो. डोके काळे पडलेलीही टाळा, पाचक ग्रंथीतली विकरे (एन्झाइम्स) आजूबाजूचे सगळे मऊ करून टाकतात. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा रोहूवरच भागवा. एप्रिल-मेच्या उन्हात बर्फाशिवाय घरापर्यंत आणू नका.

कोळंबी रात्रभर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा. रज्जू घट्ट आणि दुधी होतो. जवळ ज्योत नको, खिडकी उघडी ठेवा, आणि ही कोळंबी नंतर कुणी खायची नाही. पसरट डब्यात एक सेंमी मेण ओतून थंड करा. कोळंबी पाठ वर करून टाचण्यांनी टोचा आणि ती बुडेल इतके पाणी घाला. पाण्याखाली काम करण्यात आळस नको. हवेत सगळे एकमेकांना चिकटते.

पाठीवरची कवचाची कडी बारीक कात्रीने एकेक काढा. आतडे उचलून टाका. मग मांसाच्या मधोमध ब्लेडने उभा छेद द्या, पण तळापर्यंत कापू नका. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बोथट सुईने दोन्हीकडे सारा. तळाच्या पातळ कवचावर पांढरी दोरी दिसेल, प्रत्येक खंडात एक फुगीर गाठ आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना निघालेले तंतू. पोटाकडून कवच सोलायचा मोह होतो. तसे केले की रज्जू कवचाबरोबरच निघून येतो. नीट दिसत नसेल तर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पाणी बदला.

दोरी धरून पुढे जा. अन्ननलिकेपाशी तिचे दोन पदर होतात, नळीला दोन्ही बाजूंनी वेढतात आणि डोळ्यांमागच्या मेंदूला मिळतात. म्हणजे कोळंबीचा घास चेतासंस्थेच्या कड्यातून खाली उतरतो! ही जागा घाईत तुटते, तिथे ब्लेड अजिबात नको.

रोहूचे काम सोपे. मासळीवाल्याकडून शेपटीकडचा आडवा काप घ्या. मणक्याच्या वरच्या छिद्रात पांढरा ठिपका दिसतो, तो मेरुरज्जू. खालच्या छिद्रात रक्तवाहिन्या असतात. पहिल्यांदा पाहणारे हमखास इथेच फसतात. म्हणून पंख पाहून पाठ आणि पोट आधी ठरवून घ्या. लांबीने पाहायचा असेल तर चार-पाच मणक्यांचा सलग तुकडा घ्या, मांस खरवडा आणि कमानी दोन्ही बाजूंनी कात्रीने कापून वरचे झाकण उचला. उकळू नका, रज्जू ठिसूळ होतो. तो आतून पोकळ असतो, पण ती नलिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कोळंबीचा रज्जू भरीव.

1822 मध्ये एत्येन जॉफ्रुआ सँ-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने शेवंडीची (लॉब्स्टरची) रचना उलटी धरली तर ती पृष्ठवंशीयांसारखी, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसारखी दिसते, असे मांडले. तेव्हा ते फारसे कुणाला पटले नाही. 1990 च्या दशकात मात्र बेडूक आणि फळमाशीत पाठ-पोट ठरवणारी जनुके सारखीच, पण उलट्या बाजूंना काम करताना सापडली. तुमच्या डब्यातली कोळंबी पाठीवर उताणी करा आणि शेजारी रोहूचा तुकडा सरळ ठेवा: दोन्हीकडे रज्जू वर, अन्नमार्गाची बाजू खाली.

नमुना टिकवायचा असल्यास ताज्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई विरघळते.