शेतकरी बाजारात स्टॉल लावताना: तोडणीपासून आवराआवरीपर्यंत

शेतकरी बाजारात गिऱ्हाईक येतं ते ताज्या मालासाठी. म्हणून स्टॉलची सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती फिरायला हवी: तोडताना भाजीत जे पाणी आणि जो गारवा होता, तो शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत टिकवणं. मांडणी, पाट्या, हिशोब हे सगळं लागतंच, पण मलूल पालेभाजी कितीही देखणी मांडली तरी कुणी उचलत नाही.

नियमांचं आधी उरकून घ्या. जागा कोणती, गाडी किती वाजेपर्यंत आत येऊ शकते, दुसऱ्याचा माल विकायला परवानगी आहे का, लोणची, जाम, ब्रेड अशा तयार पदार्थांना वेगळा परवाना लागतो का, हे आयोजकांकडून लेखी घ्या. वजनकाटा व्यापारासाठी मान्य असलेला आणि पडताळणीचा शिक्का असलेला हवा. घरगुती काटा चालत नाही.

तोडणी आणि गारवा

पालेभाजी पहाटे, ऊन चढण्याआधी काढायची. रात्रभर झाडाने पाणी ओढून घेतलेलं असतं, त्यामुळे पानं ताठ असतात. दुपारी काढलेला माल शेतातली ऊब सोबत घेऊन येतो आणि भरलेल्या क्रेटच्या मध्यभागी ती ऊब तासन्‌तास निघत नाही. भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते, आणि तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की तिचा हा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. पालेभाजीतलं ३ ते ५ टक्के पाणी उडालं तरी ती कोमेजलेली दिसायला लागते. १० किलोच्या क्रेटमधून अर्धा लिटर पाणी गेलं की त्या क्रेटचा भाव गेला.

पहाटे तोडणी जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर काढा. लगेच पिण्यायोग्य थंड पाण्यात बुडवून काढा, नीट निथळू द्या आणि ओल्या सुती कापडाने झाकून वारा न लागणाऱ्या सावलीत ठेवा. निथळण्याची घाई करू नका. जुडीच्या पोटात पाणी साचलं की सकाळपर्यंत आतली पानं काळी आणि चिकट होतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाइकाला घरी जुडी सोडल्यावर कळतं. रबर देठांवर घालायचं, पानांवर नाही.

थंडावा मात्र सगळ्यांना मानवत नाही. टोमॅटो, काकडी, वांगी, केळी आणि तुळस यांना सुमारे १० ते १३ अंशांखालचं तापमान बाधतं. फ्रिजमधून काढलेल्या टोमॅटोची चव जाते, केळ्याची साल काळवंडते, काकडीवर पाणचट खड्डे पडतात. हा माल फक्त सावलीत ठेवायचा, बर्फाशेजारी नाही.

टोमॅटो धुण्याबाबत आणखी एक गोष्ट. उन्हातून आणलेला गरम टोमॅटो गार पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं, त्यातल्या जंतूंसकट. धुवायचेच असतील तर पाणी फळापेक्षा ५-६ अंश कोमट घ्या. शक्य असेल तर टोमॅटो नुसते ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा.

पिकलेली केळी, सफरचंदं आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. हा वायू पालेभाजी पिवळी पाडतो आणि गाजर कडू करतो. तासाभराच्या प्रवासात त्याने काही बिघडत नाही, पण बंद गाडीत रात्रभर एकत्र ठेवलेल्या मालात फरक दिसतो. बटाट्याचा शत्रू वेगळा, तो म्हणजे उजेड. उघड्यावर राहिलेला बटाटा हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. त्यामुळे टेबलावर थोडेच ठेवा, बाकीचे गोणपाटाखाली, आणि हिरवा झालेला बटाटा विकू नका.

कॅनोपी: वारा, ऊन, पाऊस

नवीन स्टॉलवाले सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते इथे, आणि माणसं जखमी होतात तीही इथेच. कॅनोपी म्हणजे चार पायांच्या सांगाड्यावरचं कापडी छत; ३ बाय ३ मीटरची घडीची कॅनोपी म्हणजे ९ चौरस मीटरचं कापड. वारा खालून शिरला की ती सांगाड्यासकट उचलली जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून ‘आत्ता तर झुळूकच आहे’ या भरवशावर राहू नका.

प्रत्येक पायाला किमान १२ किलो वजन हवं, १८ किलो असेल तर उत्तम. १० लिटरच्या बादलीत कोरडी वाळू साधारण १६ किलो भरते, तेच पाणी भरलं तर फक्त १० किलो. १० सेंटिमीटर व्यासाच्या, ९० सेंटिमीटर लांबीच्या पाइपात काँक्रीट ओतून वरच्या टोकाला हुक बसवला तर तेही सुमारे १६ किलोचं होतं, पायाशी उभं राहतं आणि कुणी त्याला अडखळत नाही. वजन नुसतं पायापाशी टेकवून उपयोग नाही. कॅनोपीच्या वरच्या कोपऱ्याला पट्टा बांधून तो वजनापर्यंत ताणून घ्या. पट्टा सैल असला की सांगाडा आधी उचलला जातो, मग हिसका बसतो आणि त्या हिसक्यात सांधा तुटतो. खुंट्या डांबरावर ठोकता येत नाहीत आणि भिजलेल्या मातीतून सुटतात, म्हणून खुंट्या असल्या तरी वजनं न्यायचीच.

वजनं बांधल्याशिवाय कॅनोपीचे पाय उंच करू नका. वारा वाढू लागला तर आधी बाजूचे पडदे काढा, कारण तेच शिडाचं काम करतात. मग पाय एक टप्पा खाली घ्या. तरीही चारही पाय हलत असतील तर माल झाकून कॅनोपी उतरवा. मिटताना कमीत कमी दोन माणसं हवीत. वावटळ अंगावर आल्यावर मिटायला घेतली तर ती हातातून सुटते.

पावसात कापडाला पोट सुटतं आणि त्यात पाणी साचतं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे थोड्या वेळात आडवे दांडे वाकतात. मागच्या बाजूचे पाय एक टप्पा खाली ठेवले की पाणी मागे उतरतं. तरी साचलंच तर बोथट दांड्याने आतून वर ढकला.

रंग पांढराच घ्या. निळ्या कापडाखाली टोमॅटो मळकट दिसतात आणि लाल कापडाखाली पालेभाजी तपकिरी. माल उत्तम असूनही शिळा वाटतो आणि गिऱ्हाईक कारण न सांगता पुढे जातं.

सकाळचं ऊन तिरपं असतं, ते छताखालून आत येतं. उन्हाच्या बाजूला वाऱ्याला फारसं न अडवणारी जाळी लावा. कांदे, लसूण, भोपळे त्या बाजूला मांडा आणि पालेभाजी सावलीच्या टोकाला. सूर्य वर सरकेल तशी जागा बदलावी लागते.

मांडणी

टेबल ७५ सेंटिमीटर उंच, ६० ते ७५ सेंटिमीटर रुंद. त्याहून रुंद टेबलावर मागच्या मालापर्यंत हात पोचत नाही. मागची रांग १५-२० सेंटिमीटर उचला आणि पुढच्या क्रेटच्या मागच्या कडेखाली वीट सरकवून तो गिऱ्हाइकाकडे झुकता ठेवा. खाण्याचा कोणताही माल जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर हवा, मागे ठेवलेला साठासुद्धा. त्यासाठी रिकामे क्रेट उलटे घालून फळी करा.

गिऱ्हाईक ज्या बाजूने येतं तिथे जड आणि कडक माल: बटाटे, कांदे, भोपळा. शेवटी, काट्याजवळ, मऊ आणि हलका माल. म्हणजे पिशवीत जड वस्तू तळाला जातात आणि टोमॅटो चेंगरत नाहीत. काटा आणि गल्ला टेबलाच्या शेवटच्या टोकाला ठेवा. मधोमध ठेवला तर पैसे द्यायला थांबलेली माणसंच माल झाकून टाकतात आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. हिरव्याशेजारी हिरवं मांडू नका. मध्ये गाजर, मुळा, वांगी असं काही आलं की दोन्ही उठून दिसतात.

सगळी पालेभाजी एकदम बाहेर काढू नका. अर्ध्या तासात जेवढी खपेल तेवढीच टेबलावर, बाकीची मागे ओल्या कापडाखाली. टेबलावरच्या भाजीखाली ओलं कापड अंथरा आणि दर २०-३० मिनिटांनी बारीक फवारा द्या. कांदा, लसूण, मशरूम आणि बेरी यांवर पाण्याचा थेंबही नको, त्यांना बुरशी लागते. माल कमी होत जाईल तशी टोपली छोटी घ्या. मोठ्या टोपलीच्या तळाशी उरलेल्या चार जुड्या नाकारलेल्या वाटतात, त्याच चार लहान टोपलीत भरगच्च दिसतात.

प्रत्येक वस्तूला भावाची पाटी हवीच. बरेच लोक भाव विचारायला संकोचतात आणि न विचारता निघून जातात. अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर सुमारे ३ मीटरवरून आरामात वाचता येतं. स्टॉलचं नाव १० मीटरवरून वाचायचं तर अक्षर ८ ते १० सेंटिमीटरचं करा. पाटीवर वाण, भाव आणि एकक इतकंच. वाण अनोळखी असेल तर कसा शिजवायचा ते एका ओळीत लिहा. त्या ओळीने जेवढा माल खपतो तेवढा आरोळीने खपत नाही.

काटा, भाव, पैसे

इलेक्ट्रॉनिक काटा सपाट जागी, पातळीचा बुडबुडा मध्यावर आणून ठेवा. उघड्या जागी वाऱ्याच्या झोतानेही आकडा हलतो, आणि थेट उन्हात तापलेला काटा शून्यावर टिकत नाही. तीन बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा केला की दोन्ही त्रास कमी होतात. सुरुवातीला ठरावीक वजन ठेवून तपासा. टोपलीचं वजन आधी शून्य करा आणि आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा वळवा.

पालेभाजी जुडीने विकणं बरं, कारण गर्दीच्या वेळी वजनकाट्यावरची रांग वाचते. मात्र जुड्या सारख्या हव्यात. बांधताना दहा-दहा जुड्या काट्यावर टाकून पाहत चला, नाहीतर लोक मोठी जुडी शोधत सगळ्या उलथतात आणि पानं मोडतात.

भाव काढताना उरणाऱ्या मालाचा खर्च विकल्या जाणाऱ्या मालावर टाका. १०० जुड्या नेल्या आणि ८० विकल्या जाणार असतील, तर १०० जुड्यांचा खर्च ८० मधून निघायला हवा, म्हणजे जुडीमागे खर्च सव्वापट धरायचा. त्यात जागेचं भाडं, इंधन, पिशव्या आणि माणसांचा वेळ मिळवा, स्वतःचासुद्धा. भाव सुटे पैसे कमी लागतील असे गोल ठेवा.

शेवटच्या तासात भाव पाडू नका, हे आमचं ठाम मत आहे. नेहमीचं गिऱ्हाईक दोन-तीन आठवड्यांत ते ओळखतं आणि उशिरा यायला लागतं. सकाळी पूर्ण भाव देणाऱ्यालाही फसवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा त्याच भावात एखादी जुडी वर द्या.

सुट्या पैशांचा गल्ला आदल्या रात्री मोजून ठेवा. पैसे टेबलावरच्या डब्यात नाही, कमरेच्या पाकिटात. गिऱ्हाइकाने दिलेली नोट सुटे परत देईपर्यंत डोळ्यांसमोर राहू द्या, म्हणजे किती दिले यावर वाद होत नाही. डिजिटल पेमेंटचा कोड छापून, चमक न येणाऱ्या आवरणात लावा. चकचकीत प्लॅस्टिकवर ऊन पडलं की फोन तो वाचत नाही.

चाखायला फळं कापणार असाल तर ५ अंशांखाली बर्फावर ठेवा. तशी सोय नसेल तर कापल्यापासून दोन तासांत टाकून द्या, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. कापणाऱ्याने पैशांना हात लावू नये. हात धुण्यासाठी तोटी असलेला डबा हवा. एकाच भांड्यात पुन्हा पुन्हा हात बुचकळून ते स्वच्छ होत नाहीत.

वही आणि आवराआवर

प्रत्येक मालासमोर चार नोंदी करा: किती नेला, किती विकला, किती उरला, आणि संपला असेल तर किती वाजता. चौथी नोंद सगळ्यात कामाची, आणि बहुतेक जण तीच करत नाहीत. शेवटच्या अर्ध्या तासात संपला तर अंदाज बरोबर होता. बंद व्हायच्या दोन तास आधी संपला तर किती गिऱ्हाइकं परत गेली हे विक्रीच्या आकड्यात कधीच दिसत नाही; पुढच्या वेळी तो माल वाढवा. शेजारी हवामानही लिहा, नाहीतर पावसाच्या दिवसाची विक्री बघून उगाच माल कमी न्याल.

आवरताना आधी पैसे आणि काटा गाडीत, मग उरलेला माल, मग टेबलं. कॅनोपी सगळ्यात शेवटी उतरवायची, तोवर मालाला सावली राहते. गाडी भरताना हाच क्रम लक्षात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कॅनोपी आणि वजनं सगळ्यात आधी हाताशी येतात. उरलेली पालेभाजी पुढच्या बाजारासाठी ठेवू नका. ती त्याच दिवशी वाटून टाका, घरी शिजवा किंवा जनावरांना घाला. क्रेट घरी गेल्यावर धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच एकात एक घाला. कॅनोपी ओली मिटली असेल तर त्याच दिवशी पुन्हा उघडून वाळवा, नाहीतर घडीच्या रेषांवर बुरशी धरते आणि कापड तिथूनच फाटतं.