पडवीच्या उजेडात घरातल्या वस्तूंचे फोटो

खळ्यातल्या दुपारच्या उन्हात तांब्या ठेवून फोटो काढला की एक बाजू पांढरीफटक होते, दुसरी काळीकुट्ट. तोच तांब्या पडवीच्या आत, उघड्या दारापासून दोन-तीन फुटांवर, जुन्या पाटावर ठेवा. दार वस्तूच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला हवं, तुमच्या पाठीशी नको. तिरक्या उजेडात ठोक्यांचे खड्डे, चरे दिसतात. उजेड समोरून आला की सगळं सपाट. घरातले दिवे मात्र आधी बंद करा. बल्बचा पिवळा आणि दारातला निळसर उजेड मिसळला की मागाहून रंग काही केल्या जुळत नाहीत.

पितळ-तांबं चकाकतं, म्हणून त्याच्या फोटोत खरं तर समोरच्या गोष्टींचं प्रतिबिंबच येतं: माड, चौकट, मोबाईल धरलेले तुम्ही. दारावर पांढरं पातळ धोतर ताणून बांधा. तांब्याच्या पोटावर एकच मऊ उभी पट्टी उमटते आणि गोलाई कळते. सावलीची बाजू फारच काळी झाली तर त्या बाजूला वीतभर अंतरावर पांढरा कागद उभा करा. उलट, कड उठून दिसायला हवी असेल तर तिथे काळी छत्री उघडून ठेवा. ही छत्री कागदाहून जास्त कामाची, पण कुणाला सुचत नाही. आणि फोटोसाठी म्हणून तांब्या आमसुलांनी लखलखीत घासू नका. थोडा काळवंडलेलाच बरा दिसतो.

कोकम सरबताचा पेला मात्र उजेडाच्या आड ठेवायचा, म्हणजे दार पेल्याच्या मागे. नुसतं एवढं केलं तरी रंग बराच खुलतो. त्यात पेल्याच्या आकाराहून जरा लहान पांढरा पुठ्ठा कापून मागे टेकवला, की सरबत आतून पेटल्यासारखं लालभडक दिसतं. पुठ्ठा कडेबाहेर डोकावला तर युक्ती उघडी पडते.

मोबाईलवर वस्तूवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग उजेडाची खूण जराशी खाली ओढा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते) आणि २ सेकंदांचा टायमर. शटर कितीही मंद झालं तरी वस्तू कुठे पळत नाही. सुपातले तांदूळ करडे येतात, कारण कॅमेरा पांढऱ्याला मध्यम राखाडी समजतो. तिथे एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +१ करा. काळ्या घोंगडीवरच्या वस्तूला −१.

झाडाखाली पडणारे उन्हाचे गोल कवडसे म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा. फट छोटी असेल आणि वस्तूपासून २ मीटर वर असेल, तर कवडसा साधारण २ सेंटीमीटरचा पडतो. झावळीच्या रेघा धारदार हव्या असतील तर झावळ वस्तूच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर धरा. लांब नेली की रेघा विरघळतात.

जांभ्याच्या भिंतीजवळ रंग तांबूस येतो, सुपारीच्या बागेत हिरवट. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) लावून घ्या.

पावसाळ्यात ढगांमुळे उजेड दिवसभर मऊ, पण कमी. ट्रायपॉडशिवाय भागत नाही. समुद्राजवळ लेन्सवर खारट थर बसतो. आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) वाळू उडवा, मगच मऊ कापडाने पुसा, नाहीतर काचेवर चरे पडतात. एसीच्या गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या. लगेच काढला तर काच धुरकटते.