बीए, डिझायनर आणि डेव्हलपर: या चुका टाळा

ऐरोली, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आयटी कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए) म्हणून रुजू झालात की लवकरच रिक्वायरमेंटचं, म्हणजे क्लायंटला काय हवं ते लिहायचं, एक टेम्प्लेट हातात पडतं. ते नीट भरून क्लायंटचा साइन-ऑफ (मंजुरी) घेतला की आपलं काम झालं, असं नव्या बीएला वाटतं. डॉक्युमेंट हवंच, पण ते टीमबरोबर बसून तयार झालेलं हवं. एकट्याने लिहिलेल्या डॉक्युमेंटमधल्या चुका यूएटीत, म्हणजे क्लायंट शेवटी स्वतः वापरून तपासतो तेव्हा, सापडतात आणि तोवर टेबलं (डेटा साठवायचे तक्ते), एपीआय (प्रोग्रामना एकमेकांशी जोडणारे दुवे), स्क्रीन सगळं बांधून झालेलं असतं.

समजा, वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडत्यासाठी शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढणारं सॉफ्टवेअर करायचं आहे.

अडचण न सांगता स्क्रीन सांगणे

‘वजन आणि भावाचे दोन बॉक्स, खाली हिरवं सेव्ह बटण’ असं लिहून दिलं की डिझायनरला विचार करायला जागा उरत नाही. त्याला हे सांगा: गाड्या खाली होत असतात, गाळ्यावर गर्दी असते आणि मेहताजी उभ्या उभ्या नोंद करतात. मग मोठे आकडे ठेवायचे की नेहमीच्या शेतकऱ्यांची यादी वर आणायची, ते तो ठरवेल. जमलं तर त्याला एक सकाळ गाळ्यावर घेऊन जा. महापेहून मार्केट काही फार लांब नाही.

अपवाद शेवटी सांगणे

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘पट्टीत शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव’ एवढंच लिहिलं तर डेव्हलपर एका पट्टीला एकच भाव धरून टेबल बनवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. प्रत्यक्षात एकाच शेतकऱ्याचा माल प्रतवारीप्रमाणे वेगवेगळ्या भावाने आणि वेगवेगळ्या खरेदीदारांना जाऊ शकतो. हे उशिरा कळलं की बदल एका बॉक्सपुरता राहत नाही. टेबल, वजावटीचा हिशोब, प्रिंट, आधी भरलेल्या नोंदी, सगळ्यालाच हात लावावा लागतो.

म्हणून कोड सुरू होण्याआधी जुन्या खऱ्या पट्ट्या मागून घ्या, नावं झाका आणि डेव्हलपर, टेस्टर यांच्याबरोबर फळ्यावर एक-एक हातानं सोडवा. वजन नंतर दुरुस्त झालं तर जुनी पट्टी रद्द करायची की फरकाची नवी काढायची? हमाली आणि तोलाई नगावर धरायची की वजनावर? पैसे कुठे पूर्णांकात करायचे? असे प्रश्न डेव्हलपरच जास्त चांगले विचारतात, कारण प्रत्येक फाटा कोडमध्ये त्यालाच बसवायचा असतो.

दरांच्या बाबतीत तर तारीख विसरूच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि १२ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ टक्क्यांवर आल्या. पण त्याआधी जुन्या दराने बिल झालेला माल परत आला, तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारं कागदपत्र) जुन्याच दराने काढावी लागते. ‘टॅक्स १२ टक्के’ एवढंच लिहिणाऱ्या बीएनं टीमला इथे उघड्यावर सोडलेलं असतं. दर आणि तो कधीपासून कधीपर्यंत लागू, असंच लिहा.

सगळं सुरळीत होईल असं धरणे

यूपीआयनं पैसे दिले, बँकेतून कापले गेले, पण उत्तर ‘पेंडिंग’ आलं. या वेळी स्क्रीनवर काय दिसणार? पुन्हा पैसे देण्याचं बटण चालू ठेवायचं का? हे कुणीच न ठरवल्यामुळे लोकांचे पैसे दोनदा जातात. डिझायनरकडून यशाच्या स्क्रीनबरोबरच थांबलेली, फसलेली आणि रिकामी स्क्रीनही मागा. आधी डेव्हलपरला विचारा, कारण पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) कोणकोणती उत्तरं पाठवतो हे त्याला माहीत असतं.

टीमला न विचारता तारीख देणे

क्लायंटच्या कॉलवर ‘होईल’ म्हणू नका. ‘उद्या टीमशी बोलून सांगतो’ म्हटल्याने कुणी रागावत नाही.

काम आधीच बिघडलं असेल तर

‘रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं’ आणि ‘हे तर उघडच होतं’ ही वाक्यं रोज ऐकू येत असतील, तर आणखी एक लांबलचक मीटिंग लावू नका. परत आलेली तिकिटं (टीमच्या यादीतल्या एकेका कामाच्या नोंदी) काढा आणि तीन ढीग करा: नियमच लिहिला नव्हता, लिहिला होता पण वेगळा समजला गेला, मध्येच बदलला. पहिला ढीग मोठा असेल तर तुम्ही क्लायंटकडे पुरेसे गेलेला नाहीत. दुसरा मोठा असेल तर प्रत्येक तिकिटात आकड्यांसह एक सोडवलेलं उदाहरण घाला. तिसरा बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेल्या गोष्टींचा असतो. त्यासाठी कुणी, कधी आणि का बदललं, हे त्याच दिवशी तिकिटात लिहा आणि डिझायनरला टॅग करा. तो राहिला की डेव्हलपर नव्या नियमावर आणि स्क्रीन जुन्या नियमावर चालत राहते.