रविवारी क्वाडवर बसण्याआधी

इंदूरजवळ सिमरोलकडच्या शेतावर रविवारी क्वाड, म्हणजे चार फुगीर चाकांची हँडलवाली गाडी, चालवायला येणाऱ्या मंडळींसाठी ही तयारीची यादी. सामान थोडंच आहे, शब्द जास्त. हेल्मेट चढलं आणि इंजिन सुरू झालं की मागून ओरडलेल्यातला एखादाच शब्द कानावर पडतो. तेव्हा ‘म्हणजे काय?’ विचारायला सवड नसते, म्हणून हे शनिवारी रात्रीच वाचून ठेवा.

आधी पाय. घोटा झाकणारे बूट हवेत आणि नाड्यांची टोकं आत खोचलेली. सँडलवाल्यांनी इंदूरच्या भंवरकुआँ चौकातूनच घरी परतावं. आपण सगळे स्कूटर-बाइकवर वाढलेलो, गाडी कलली की पाय आपसूक खाली जातो. क्वाडवर नेमकं तेच करायचं नाही. टेकवलेल्या पायावर मागचं चाक चढतं आणि घोटा पिळवटून निघतो. गाडी कितीही कलो, पाय फूटरेस्टवरच. झुकवायचं ते अंग: वळणावर आतल्या बाजूला, चढावर पुढे. जुने रायडर याला ‘ॲक्टिव्ह रायडिंग’ म्हणतात. सीटवर पोत्यासारखं बसून राहाल तर क्वाड वळणार नाही.

मग अंगठा. इथे बाइकसारखी मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने दाबायचा ‘थंब थ्रॉटल’ असतो. घाबरलं की माणूस मूठ आवळतो, त्यासोबत अंगठाही दाबला जातो आणि गाडी थांबायची सोडून पुढे उसळते. इंजिन बंद ठेवून अंगठा सोडायचा आणि ब्रेक दाबायचा सराव करा. कोणता ब्रेक कुठे आहे ते गाडीगणिक बदलतं, तेही आधी विचारून घ्या. इंजिन तडक बंद करणारा लाल ‘किल स्विच’ डोळे मिटून सापडला पाहिजे. ‘टेदर’ची दोरी असेल तर ती मनगटाला बांधा, तुम्ही पडलात की ती स्विचमधून सुटते आणि इंजिन बंद होतं. ‘पिन्ड’ म्हणजे थ्रॉटल पूर्ण दाबलेला. पहिल्या दिवशी हा शब्द नुसता ऐकायचा.

टायरची हवा स्वतः बघा. क्वाडच्या टायरमध्ये साधारण ४ ते ७ पीएसआय एवढीच हवा असते, कारच्या तिशीपुढे काहीच नाही. पेट्रोल पंपावरच्या मीटरचा इथे उपयोग नाही. कमी दाबाचा वेगळा मीटर लागतो, आणि नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो.

आता माती, कारण खरी गंमत आणि खरा त्रास तिचाच. सोयाबीन निघालेलं शेत वरून कोरडं दिसतं, पण पाऊस होऊन गेला असेल तर आपली काळी माती खाली ओलीच असते. ती टायरच्या खाचांत बसते, टायर गुळगुळीत होतो आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. तिथे थ्रॉटल वाढवणारा आणखी खोल जातो. याउलट वाळलेल्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात. त्यांना ‘रट’ म्हणायचं. चाक त्यात गेलं तर हँडलशी झगडू नका, वेग कमी करून सपाट जागा येऊ द्या. लागोपाठच्या उंचवट्यांना ‘व्हूप्स’ म्हणतात; ते उभ्याने, गुडघे सैल ठेवून पार करायचे. पोट दगडावर टेकून चाकं लोंबकळली तर गाडी ‘हाय-सेंटर’ झाली. अशा वेळी उतरा आणि हाक मारा.

ओढ्याकडच्या चढाला गिअर आधीच ‘लो’मध्ये टाका, मध्यावर नाही. चढावर जोराने थ्रॉटल दिला तर पुढचं तोंड उचलून गाडी मागे उलटते, तोच ‘लूप आउट’. मध्येच दम संपला तर गाडी वळवायची नाही. ब्रेक धरा, अंग पुढे टाका, चढाच्या बाजूने उतरा.

‘रूस्ट’ म्हणजे पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेले खडे आणि ढेकळं. म्हणून गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, आणि अंतर तर हवंच. सगळ्यात मागचा ‘स्वीप’. तो अनुभवी असावा, हौशी नव्हे. वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. समोरून दुसरा गट आला तर आपल्या मागे किती गाड्या आहेत तेवढी बोटं दाखवायची. शेवटच्याने बंद मूठ.

अडकलेली गाडी ‘विंच’ने, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, काढताना हातमोजे घाला, ताणलेली दोरी ओलांडू नका आणि दोरीवर एखादं जाड जॅकेट टाका, तुटलीच तर तिचा फटका कमी बसतो.

लांब सीट पाहून कुणी मागे बसायला मागेल, तर नाही म्हणा. ती लांबी चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून आहे. दोघांसाठीच्या गाड्या वेगळ्या बनतात, त्यांवर तसं लिहिलेलं असतं. मोठ्या इंजिनाची गाडी सोळाच्या आतल्यांना द्यायची नाही, भाचा कितीही रडला तरी. आणि चहासाठी फाटकाबाहेर खंडवा रोडवर क्वाड काढू नका. नंबरप्लेट नाही हे एक, आणि हे फुगीर टायर डांबरावर वळताना अचानक पकडतात, गाडी उलटायला तेवढं पुरतं.