खेळाचीही आगोट भरावी लागते

मे महिना सरत आला की कोकणात घरोघर आगोटीचे सामान भरले जाते. सुकी मासळी, मीठ, मिरची, पापड, सरपण असे सारे पहिल्या सरीच्या आत जागच्या जागी गेलेले असते. ज्या घरात गेम खेळणारी मुले आहेत, त्या घराने या यादीत आणखी एक काम धरावे, असे मी आग्रहाने सांगतो: पैसे मोजून घेतलेले गेम नेट नसतानाही उघडतील, अशी व्यवस्था पाऊस लागण्यापूर्वी करून ठेवावी.

हा आग्रह अनुभवातून आला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, तेव्हा टाळेबंदीमुळे माझा बारा वर्षांचा भाचा दापोली तालुक्यातील आमच्या घरी अडकलेला होता. वादळाने बागा आडव्या केल्या आणि विजेचे खांब पाडले. कित्येक दिवसांनी लाईट आली, तरी नेटचा पत्ता नव्हता. त्याने लॅपटॉप सुरू करून आपला गेम उघडला, तर खाते पडताळण्यासाठी इंटरनेटशी जोडा, एवढी एकच ओळ पडद्यावर येऊन थांबली. तो गेम एकट्याने खेळायचा होता, पूर्ण किंमत देऊन घेतलेला होता आणि संपूर्णपणे त्याच यंत्रात साठवलेला होता. चोरीची प्रत रोखण्यासाठी बसवलेल्या कुलपाने पैसे देणाऱ्या मुलालाच दाराबाहेर उभे केले होते.

हे कुलूप सर्व गेमना सारखे नसते, म्हणून खरेदीपूर्वी त्याचा प्रकार ओळखणे हे पहिले काम. काही गेम पहिल्यांदा उघडताना एकदाच परवानगी मागतात आणि मग गप्प बसतात. काही गेम किती यंत्रांवर चालावे याची मोजदाद ठेवतात. २००८ मध्ये आलेल्या ‘स्पोअर’ला आरंभी तीनच यंत्रांची मर्यादा होती आणि ग्राहकांच्या संतापानंतर ती पाचवर नेण्यात आली. सर्वांत जाचक प्रकार सतत जोडणी मागणाऱ्या गेमचा. २०१० मध्ये युबिसॉफ्टने संगणकावरील ‘असॅसिन्स क्रीड २’ला असे कुलूप लावले आणि त्याच मार्चमध्ये सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा रीतसर विकत घेणाऱ्यांना खेळता येईना. मार्च २०१३ मधील ‘सिमसिटी’च्या वेळी तर हल्ल्याचीही गरज पडली नाही, खेळाडूंच्या गर्दीनेच सर्व्हर कोलमडले, आणि नेटशिवाय खेळण्याची सोय मिळायला पुढचे वर्ष उजाडावे लागले.

ही माहिती कुठे पाहावी, हे सांगतो. स्टीम या संगणकी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानाच्या उजव्या रकान्यात, बाहेरच्या कंपनीचे कुलूप असल्यास किंवा वेगळे खाते काढावे लागत असल्यास तशी सूचना असते. तेथे ‘डेनुवो’ या कुलपाचे नाव दिसले, तर नेटशिवाय दीर्घकाळ खेळण्याच्या भरवशावर तो गेम घेऊ नये. डिस्कच्या वेष्टनावर इंटरनेट आवश्यक असल्याची ओळ बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती दुकानातच वाचावी. निन्टेन्डो स्विच २ या गेमयंत्राच्या काही गेमच्या कार्डात तर गेम नसतोच, नुसती किल्ली असते. ते कार्ड घातल्यावर सगळा गेम नेटवरून उतरवावा लागतो. वेष्टनाच्या दर्शनी बाजूला तशी पट्टी छापलेली असते. सोनीच्या पीएस५ या गेमयंत्राला वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, तो पहिल्यांदा जोडताना नेट लागते.

जुन्या डिस्कबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते, कारण कोकणातील बहुतेक मुलांकडे गेम येतो तो नवा नव्हे, तर हातोहात. गणपतीला आलेला चाकरमानी भाऊ आपली खेळून झालेली डिस्क धाकट्यांना देऊन जातो, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलेले कोणी तरी वापरलेल्या डिस्कचा गठ्ठा घेऊन येते. हा व्यवहार पूर्णपणे सचोटीचा आहे; पुस्तक वाचून दुसऱ्याला द्यावे, तसाच. पण २०१० पासून काही वर्षे मोठ्या कंपन्यांनी नेमका हाच व्यवहार अडवला. ईए या गेम कंपनीने ‘टायगर वूड्स पीजीए टूर ११’पासून ऑनलाइन पास आणला. नव्या वेष्टनात एकदाच चालणारा कोड असलेला कागद यायचा, आणि तो पहिल्या मालकाने वापरलेला असला, की दुसऱ्या मालकाला इतरांबरोबर खेळण्यासाठी दहा डॉलर वेगळे मोजावे लागत. युबिसॉफ्ट आणि सोनी यांनीही असेच पास काढले. २०११ मधील ‘बॅटमन: अर्खम सिटी’त कॅटवुमनचा एकट्याने खेळायचा भागही कोडमागे ठेवलेला होता. मे २०१३ मध्ये ईएने हा प्रकार बंद केला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हे गेमयंत्र जाहीर केले. त्याला दर चोवीस तासांनी एकदा नेट लागणार होते आणि वापरलेल्या डिस्कवर बंधने येणार होती. ग्राहक इतके चिडले, की जूनमध्येच कंपनीला तो बेत मागे घ्यावा लागला. ग्राहकांच्या विरोधाला यश येते, याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

तेव्हा पीएस३ किंवा एक्सबॉक्स ३६० काळातील डिस्क घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत: याबरोबर कोडचा कागद होता का, आणि तो वापरलेला आहे का. या काळातील अनेक गेमचे सर्व्हर आता बंद आहेत, त्यामुळे इतरांबरोबर खेळण्याच्या भागासाठी जास्त किंमत मुळीच देऊ नये. संगणकाच्या वापरलेल्या डिस्क तर शक्यतो घेऊच नयेत, कारण त्यांतील बहुतेकांचा क्रमांक आधीच्या मालकाच्या खात्याला कायमचा जोडलेला असतो. मी स्वतः एका दुकानातून अशी डिस्क घेऊन पैसे घालवले आहेत. वेष्टन कोरे दिसत होते, पण आतला क्रमांक वापरून झालेला होता.

आता प्रत्यक्ष आगोटीकडे येतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, नेट धड असताना, यंत्राची प्रणाली आणि प्रत्येक गेम अद्ययावत करून घ्यावेत. पीएस५वर आपल्या खात्यासाठी ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ ही सोय घरातल्याच यंत्रावर चालू असल्याची खात्री करावी, एक्सबॉक्सवर तेच यंत्र ‘होम एक्सबॉक्स’ म्हणून नेमावे. ज्या घरात मुलाचे खाते मुंबईतील काकांच्या यंत्रावरही वापरले जाते, तेथे ही नेमणूक नेमकी तिकडे गेलेली असते आणि पावसात इकडचा गेम उघडत नाही. हा घोटाळा मी दोन घरांत पाहिला आहे. स्टीमवर प्रत्येक गेम एकदा नेट असताना उघडून काही मिनिटे खेळावा आणि मग ऑफलाइन जाण्याचा पर्याय निवडावा. यानंतरची परीक्षा कोणीही टाळू नये: राउटर बंद करावा, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि एकेक गेम उघडून पाहावा. जो उघडणार नाही, तो पावसाळ्याच्या यादीतून वगळावा.

येथे आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. समुद्राकाठची खारी, दमट हवा संगणकाच्या पट्ट्यांना गंज चढवते आणि मदरबोर्ड बदलण्याची पाळी शहरापेक्षा लवकर येते. दुरुस्तीनंतर आपल्याला यंत्र जुनेच वाटते. कुलपाला मात्र ते नवे दिसते, आणि ते पुन्हा नेटवरून परवानगी मागते. म्हणून दुरुस्तीला देण्यापूर्वी, मर्यादित यंत्रांवर चालणाऱ्या गेममध्ये नोंदणी काढून टाकण्याची सोय असल्यास ती वापरावी, आणि जमल्यास दुरुस्तीची कामे जूनपूर्वीच उरकावीत.

मला स्वतःला सर्वांत निर्धास्त वाटतो तो जीओजीचा मार्ग. २००८ मध्ये सुरू झालेले हे दुकान कुलूप नसलेले गेम विकते आणि प्रत्येक गेम बसवण्याची फाइल आपल्याकडे ठेवू देते. मुंबईला किंवा चांगले नेट असलेल्या नातेवाइकांकडे गेल्यावर त्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि ती हार्ड डिस्क, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

गेम चाललाच नाही, तर पैसे परत मागताना मुदत पाहावी. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवस आणि दोन तासांहून कमी खेळ ही अट आहे. गेम उतरवण्याचा वेळ खेळात धरला जात नाही, पण चौदा दिवसांत तो धरला जातो, त्यामुळे आपल्या संथ नेटवर सणाच्या सवलतीत पाच गेम एकदम घेणे धोक्याचे आहे. एक घ्यावा, उतरवावा, चालवून पाहावा आणि मग दुसरा घ्यावा. जीओजी तीस दिवसांची मुदत देते. बिल आणि पडद्यावरील चुकीच्या सूचनेचे छायाचित्र जपून ठेवावे. भारतातील विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे दुकान मुंबईचे असले, तरी रत्नागिरीच्या ग्राहकाने मुंबईला खेपा घालण्याची गरज नाही.

कुलूप तोडलेली प्रत पेन ड्राइव्हवर कोणी तरी आणून देतेच, आणि तिला नेट लागत नाही हेही खरे. हा राग मला समजतो, तरीही ती घेऊ नये. तिच्यातून घरच्या संगणकात काय शिरेल याची खात्री नसते, आणि हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे. रागाला वाट द्यायची, तर ती खरेदीतूनच द्यावी. ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून निकामी करण्यात आला, त्यानंतर विकलेले गेम असे निकामी करू नयेत, यासाठी उभ्या राहिलेल्या मोहिमेला युरोपात दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असल्यास तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही.

गणपतीत डिस्क धाकट्या भावंडाला देताना वेष्टनाच्या आत एक चिठ्ठी ठेवावी: कोड वापरलेला आहे की नाही, कोणत्या खात्याशी जोडला आहे, आणि राउटर बंद करून गेम उघडून पाहिल्याची तारीख.