फोनवर तळाचं बटण कापलं जातंय? सीएसएसमध्ये एक ओळ वाढवा

फोनवर पेज उघडलं की तळाशी ठेवलेलं ‘पुढे जा’ बटण अर्धं कापलेलं दिसतं, लॅपटॉपवर मात्र सगळं नीट, आणि आपण तासभर पॅडिंग वाढवत बसतो. पॅडिंगचा दोष नाहीये, मोबाईल ब्राउझर १००व्हीएच, म्हणजे स्क्रीनची पूर्ण उंची, मोजताना ॲड्रेस बार लपलेलाच आहे असं धरतो.

१. सीएसएसमधली मिन-हाइट (कमीत कमी उंची) १००व्हीएच आहे तशीच ठेवा.
२. तिच्या लगेच खाली परत मिन-हाइट लिहा, व्हॅल्यू १००एसव्हीएच, म्हणजे ॲड्रेस बार दिसत असताना उरणारी उंची. जुन्या ब्राउझरला ही ओळ कळत नाही, तो ती सोडून वरची घेतो, त्यामुळे जावास्क्रिप्टने उंची मोजायचा खटाटोप वाचतो. क्रम उलटा झाला तर मात्र काहीच बदलणार नाही.

सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ पासून हे चालतं, म्हणजे २०२२ सालापासूनच, तेव्हा बिनधास्त वापरा.

डीव्हीएच नावाचं एककपण आहे पण ते जपून, स्क्रोल करताना बार आत-बाहेर झाला की उंची बदलते आणि वाचता वाचता मजकूर हलतो, मी ते फक्त पॉपअपला लावते. आणि हे खऱ्या फोनवरच तपासा, लॅपटॉपच्या मोबाईल व्ह्यूमध्ये तो बार सरकतच नाही.